छोटी सही

आमच्याकडे जेवताना कोणी म्हणालं की भाजीत मीठ कमी आहे, तर माझ्या तोंडून आपोआप निघतं, "हे म्हणणे खरे नाही की, मी भाजीत मीठ कमी घातले." नवऱ्याने हे तीस वर्षं ऐकलं. आधी तो हसायचा, मग वैतागायचा, शेवटी त्याने मीठदाणी आपल्या ताटाशेजारी आणून ठेवली आणि प्रकरण निकाली निघालं.

दोष माझा नाही, नोकरीचा आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज सकाळी साडेदहाला चढायचे, डबा घेऊन. मी तिथे टायपिस्ट होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या दोन्हींचं मिळून एक वाक्य करून सांगतात आणि टायपिस्ट ते कागदावर उतरवते. वकिलाने विचारलं, "तुम्ही सासूला ढकललंत ना?" आणि बाई म्हणाली, "छे हो, काहीतरीच काय," तर कागदावर येतं, "हे म्हणणे खरे नाही की, मी सासूला ढकलले." बाईचं "छे हो" हवेत विरून जातं. तीस वर्षांत असे किती "छे हो" माझ्या यंत्रासमोर विरले, त्याची गणती नाही.

आणि एक नियम होता, तो मला फार आवडायचा. कागदावर चूक झाली तर ती पुसायची नाही, पांढऱ्या शाईने झाकायची नाही. चुकलेल्या शब्दावर आडवी रेघ मारायची, पुढे बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी साहेबांची, म्हणजे न्यायाधीशांची, छोटी सही घ्यायची. म्हणजे चूक झाली होती हेही दिसतं आणि ती कोणी मान्य केली हेही. घरातल्या भांडणांनाही असा नियम असता तर किती बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटायचं.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता गप्प बसायचं. ते काही जमलं नाही. भाचीकडे चहाला गेले की माझी टकळी सुरू. भाची वकील आहे, तिला या गोष्टी नव्या नाहीत. पण तिची एक मैत्रीण शाळेत मुलांना नाटक शिकवते, ती तोंड उघडं टाकून ऐकत बसायची. हिला मी मास्तरीण म्हणते. एकदा मी सांगत होते की एका बाईला साहेबांनी वय विचारलं, तर ती म्हणाली, "कुठलं सांगू? लग्नाआधीचं की नंतरचं?" दुसऱ्या एकीला व्यवसाय विचारला तर म्हणाली, काही नाही, आणि मग चार म्हशी, दोन सासरे, एक चुलत आणि एक सख्खा, आणि तीन पोरं यांचं ती काय काय करते ते तिने पाऊण तास सांगितलं. कागदावर शेवटी राहिलं, "व्यवसाय : काही नाही." मास्तरीण म्हणाली, मावशी, याचं नाटक लिहा.

मी म्हटलं, मी जन्मभर दुसऱ्याने सांगितलेलं लिहिलं, मला स्वतःचं एक वाक्य सुचायचं नाही. ती म्हणाली, मग समजा की कोणीतरी सांगतंय. हा उपाय लागू पडला. कोर्टात संगणक आल्यावर मोडीत निघालेलं माझं जुनं यंत्र मी घरी आणून ठेवलंच होतं. मी उभी राहून मोठ्याने एक वाक्य सांगायचे आणि खाली बसून ते टाइप करायचे. पुन्हा उभी, पुन्हा खाली. सहा महिन्यांत नाटक झालं आणि गुडघेही सुधारले. नाव ठेवलं "छे हो".

नाटकात माणसं तीनच. माझं काम मी करणार, कारण दुसऱ्या कोणाला एवढ्या वेगाने टाइप करता येत नव्हतं. सगळ्या बायकांची कामं भाची करणार. आणि सगळ्या पुरुषांची, म्हणजे वकिलांची आणि न्यायाधीशांची, कामं भोंगा करणार. भोंगा म्हणजे आमच्या कोर्टाचे शिपाई, दारात उभे राहून पक्षकारांची नावं पुकारायचे. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलेला माणूसही त्यांच्या आवाजाने दचकून उठायचा. त्यांना भोंगा म्हटलेलं चालतं. नावाने हाक मारली तर वळूनही बघत नाहीत. काळा कोट चढवला की ते वकील, उतरवून उंच स्टुलावर बसले की न्यायाधीश. तीस वर्षं दारात उभं राहिल्यावर एकदाचं बसायला मिळालं, म्हणून भलतेच खूश होते.

तालमी मास्तरणीच्या शाळेतल्या व्यायामशाळेत, दर शनिवारी दुपारी. रबरी गाद्यांचा वास, भिंतीला टेकवलेल्या शिड्या, आणि साक्षीदाराचा पिंजरा म्हणून मुलं ज्यावरून उड्या मारतात तो लाकडी घोडा. भाची त्यामागे उभी राहायची आणि क्षणात म्हातारी व्हायची, क्षणात नवी नवरी. मी समोर यंत्रावर. खरं सांगते, एवढी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

एका प्रवेशात मात्र गाडी अडली. तो प्रवेश माझ्या ताईचा होता.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, भाचीची आई. एकतीस वर्षांपूर्वी ती तीन वर्षांच्या पोरीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली आणि पोरीच्या ताब्याचा दावा लागला. तिची साक्ष झाली, निकाल तिच्या बाजूने लागला आणि भाची आईकडे वाढली. निकालपत्रात एक वाक्य आहे, ते भाचीला लहानपणापासून पाठ आहे : "साक्षीदाराचे अश्रू खोटे बोलत नाहीत." माझ्या नाटकातही मी लिहिलं होतं, "ताईला रडू अनावर होते." भाचीला काही केल्या रडता येईना. तिने कांदा आणून पाहिला, डोळ्यांना बाम लावून पाहिला. शेवटी कंबरेवर हात ठेवून ती मला म्हणाली, "मावशी, मी आईला कधी रडताना पाहिलेलं नाही. पाय मोडला तेव्हाही ती डॉक्टरला दम देत होती. ती खरंच रडली होती का?"

मी म्हटलं, कागदावर तसंच आहे. बाहेरून शांतपणे म्हटलं. भाची वकील असल्यामुळे तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. खोटा साक्षीदार ओळखायची नजर असते ती. चोराच्या मनात चांदणं. मी चष्मा पुसायला घेतला.

ताई तालमीला एकदाही आली नव्हती. विचारलं की म्हणायची, दुकान कोण बघणार. तिचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासते, काचा बसवते, आणि गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचता आली नाही तर शाळेतल्या बाईंसारखी रागावते. आम्हा बहिणींचं चांगलं आहे, दर दोन दिवसांनी फोन असतो. फक्त त्या साक्षीबद्दल आम्ही एकतीस वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो. ती आली नाही तर त्या नाटकाला काय अर्थ, हे मला कळत होतं, आणि ती का येत नाही हेही.

सोमवारी सकाळी मी दुकानात गेले. म्हटलं, माझे डोळे तपास. तिने मला खुर्चीवर बसवलं, तपासायची ती जड गोल चौकट माझ्या नाकावर चढवली, एक काच घातली, दुसरी घातली. मग भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवायच्या ऐवजी काउंटरखालचा खण उघडला आणि पिवळ्या पडलेल्या कागदांचा एक गठ्ठा माझ्यासमोर धरला. तिच्या साक्षीची नक्कल होती ती. एवढी वर्षं काचा पुसायच्या फडक्यांखाली जपून ठेवलेली.

"सहावं पान," ती म्हणाली. "शेवटून तिसरी ओळ वाच."

मी वाचलं, "साक्षीदारास रडू अनावर झाले."

"कोणी टाइप केलंय?"

"मी."

ताईने नाकावरची चौकट काढून घेतली. समोर स्टूल ओढून बसली. आणि आम्ही दोघी पहिल्यांदा त्या दिवशीचं बोललो.

झालं होतं ते असं. माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष. ताईचा दावा चालू होता त्या कोर्टाच्या टायपिस्टचा हात मुरगळला म्हणून ऐन वेळी मला तिथे बसवलं. पुकारा झाला आणि पिंजऱ्यात ताई. मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं की साक्षीदार माझी सख्खी बहीण आहे, मला उठवा. आडनावं वेगळी, ताईचा नवरा त्या दिवशी आला नव्हता, बाकी कोणाला माहीत नव्हतं. नोकरी कच्ची होती, मी घाबरले आणि मान खाली घालून कागद चढवला. ताईने सहा पानं साक्ष दिली. नवरा कसा दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जायचा, पोरीला ताप असताना कुलूप तसंच कसं राहिलं, ती खिडकीतून शेजारणीला हाका कशी मारत राहिली, तारीख-वारासकट. आवाज एकदाही हलला नाही. मला तिचा एवढा अभिमान वाटत होता की बोटं आपोआप चालत होती.

मग नवऱ्याच्या वकिलाने घसा साफ करून विचारलं, "आपल्या पतीस साधे पाणीही तापवता येत नाही, हे माहीत असून तुम्ही त्यांना सोडून गेलात, हे खरे आहे?" आता ताईचा नवरा काय काम करायचा? कारखान्यात बॉयलरवर होता. दिवसाला टनावारी पाणी उकळायचा.

ताईला हसू फुटलं. तिचं हसणं मुळातच मुकं आहे. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा हलतात आणि डोळ्यांतून पाणी वाहतं. तिने रुमाल तोंडावर दाबला. साहेब कागदात डोकं घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं तर रुमाल, खांदे आणि पाणी. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मला म्हणाले, लिहा, साक्षीदारास रडू अनावर झाले. त्या अख्ख्या खोलीत ते हसू आहे हे ओळखणारी मी एकटी होते. एका अंथरुणात झोपून वाढलो आम्ही, ते हसू मला अंधारातही कळतं. मी क्षणभर थांबले. मग टाइप केलं.

"मी वाचलं होतं सही करताना," ताई म्हणाली. "तुझ्याकडे बघितलं. तू पांढरी फटक पडली होतीस. मी तोंड उघडलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. केली सही."

मी म्हटलं, मला माहीत आहे. माफी कशी मागावी हे सुचेना, म्हणून मी म्हटलं की पण निकाल तर तुझ्या बाजूने लागला. हे बोलायला नको होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"सहा पानं बोलले गं मी," ती म्हणाली. रागावून नाही, अगदी हळू. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आणि निकालात काय आलं, तर अश्रू. माझ्या बोलण्यावर मी जिंकलेच नाही. लोक म्हणतात, रडली म्हणून पोर मिळाली. पोरगीसुद्धा तेच म्हणते. तुझ्या नाटकात मी पुन्हा रडणार असेन तर मी येणार नाही. आणि चुकून आलेच तर मधेच उठून सांगेन."

मी रडले. ताईने काचा पुसायचं एक फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, काच कशी पुसतात माहीत आहे ना, तसे डोळे पूस, ओरखडे पडू देऊ नकोस. मग तिने खरंच माझे डोळे तपासले. नंबर वाढला होता.

शनिवारी मी तालमीत सगळं सांगून टाकलं. भाची घोड्यावर डोकं टेकून एवढी हसली की मास्तरणीला वाटलं तिला काही झालं. अगदी आईसारखं, मुक्याने, खांदे हलवत. "म्हणजे ते अश्रू खोटंच बोलत होते," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुढे म्हणाली, "ती सहा पानं मला हवीत, मी कधी वाचलीच नाहीत." ती पानं मग तिने आईच्या खणातून आणून तोंडपाठ केली. सगळी, तारखांसकट.

भोंग्यांनी कबूल केलं की त्या दिवशी ते दारात होते आणि त्यांनाही हसू आलं होतं, पण शिपायाला हसायची परवानगी कुठे असते.

प्रवेश बदलला. आता न्यायाधीश सांगणार, "साक्षीदारास रडू अनावर झाले," आणि मी टाइप न करता उठून म्हणणार, "साहेब, साक्षीदार हसतेय." वाक्य तीन शब्दांचं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. भोंग्यांनी त्या खणखणीत आवाजात "लिहा" म्हटलं की माझी बोटं पळत सुटायची. मी तोंड उघडेपर्यंत कागदावर "साक्षीदारास रडू अनावर" होऊन जायचं. मास्तरणीने मला हात मांडीखाली घेऊन बसायला सांगितलं. तरी मांडीखाली बोटं चालायची. ती म्हणाली, मावशी, तीस वर्षांची सवय आहे, प्रयोगाला बघू. तिच्या चेहऱ्यावरून तिला काही आशा दिसत नव्हती.

प्रयोग रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. दीडशे खुर्च्या, सगळ्या भरल्या. अर्ध्या बायका आमच्या कोर्टातल्या. एक तर नाटकात आपलं "लग्नाआधीचं की नंतरचं" ऐकून उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, ही मी. मीठदाणीचा किस्साही मी नाटकात घातला होता, त्या प्रवेशाला प्रेक्षकांत बसलेल्या नवऱ्याने उगाचच मान तुकवून टाळ्या घेतल्या. लोक एवढे हसत होते की मी पडद्याआड असते तर नाचले असते. पण तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. ती मी ताईसाठी धरली होती.

ताईचा प्रवेश सुरू झाला आणि तिसऱ्या रांगेत कोणीतरी माणसांचे पाय तुडवत आत शिरलं. दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच. बसली, चष्मा वर सरकवला, हाताची घडी घातली.

भाचीने सहा पानं बोलायला सुरुवात केली. तारखा, वार, कुलूप, खिडकी. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मी टाइप करत होते आणि मधे मधे तिसऱ्या रांगेत बघत होते. ताईचे ओठ भाचीबरोबर हलत होते.

भोंग्यांनी काळा कोट चढवला, पाण्याचा प्रश्न विचारला. भाची हसली. चांगली हसली, पण ते नाटकातलं हसणं. भोंग्यांनी कोट काढला, स्टुलावर चढले आणि भिंती हादरतील असा आवाज लावला : "लिहा."

माझी बोटं पळाली. साक्षीदारास. मी त्यांना थांबवत होते आणि ती चालत होती. र. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत मला खांदे दिसले. गदागदा हलणारे, पांढऱ्या कोटातले. रुमाल तोंडावर. एकतीस वर्षांनीही तिला त्या प्रश्नाचं तेवढंच हसू येत होतं. माझे हात यंत्रावरून उचलले गेले.

"साहेब, साक्षीदार हसतेय," मी म्हणाले. आणि मग नाटकात नव्हतं तेही म्हणाले. "ती माझी ताई आहे. ती रडत नाहीये. ती सहा पानं खरं बोललीय आणि आता तिला हसू येतंय."

भोंग्यांना पुढचं वाक्य आठवेना. त्याची गरजही पडली नाही, कारण ताईने रुमाल खाली घेतला आणि जन्मात पहिल्यांदा आवाज करून हसली. तिला हसताना बघून भाची हसली, या वेळी खरंखुरं, आणि मग दीडशे खुर्च्या. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि मला इतका आनंद झाला की मी मुळूमुळू रडायलाच लागले. सभागृहात रडणारी मी एकटी होते.

टाळ्या संपायच्या आधीच ताई रंगमंचावर चढली. मास्तरणीला वाटलं आम्ही हे आधीच ठरवलंय, तिने दिवे तसेच ठेवले. ताई सरळ माझ्या यंत्रापाशी आली आणि कागदावर वाकली. त्यावर होतं, "साक्षीदारास र."

"पुढे लिही," ती म्हणाली.

मी "र"वर आडवी रेघ मारली आणि पुढे टाइप केलं, "हसू अनावर झाले." भोंग्यांनी सवयीने खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, खोडलंय तिथे साहेबांची छोटी सही लागते. ते साहेब होते, तेव्हा करायला पुढे सरसावले. ताईने पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"साहेब तेव्हा चुकले होते," ती म्हणाली. "मी करते."

रेघेशेजारी तिने छोटी सही केली. मग चष्मा कपाळावर ढकलला, कागद लांब धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सगळ्यांना थांबवून, खालच्या ओळीपर्यंत. आणि साक्षीच्या शेवटी जे लिहितात ते आपल्या हाताने लिहिलं : वाचून पाहिले. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली पूर्ण सही.

"याची नक्कल मला लागेल," ती म्हणाली.

मी यंत्रातून कागद सोडवला, घडी न घालता तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मूळ कागद तू ठेव. नक्कल मी ठेवते."